डावी मोकळी

दि. ४ फेब्रुवारी

चि. बाळीस,

वडिलांचे आशीर्वाद. हे पत्र उभ्याने वाचू नये. स्वयंपाकघरातील स्टुलावर बसावे, गॅस बंद असल्याची खात्री करावी आणि मगच पुढील मजकुराकडे वळावे.

आमच्याकडे सर्व ठीक आहे. तुझ्या आईचा गुडघा पूर्वीइतकाच दुखतो व ती त्याविषयी पूर्वीइतकेच बोलते. वरच्या मजल्यावरील शिक्षकांनी नवा पंखा आणला आहे. वारा त्यांना लागतो, आवाज आम्हाला. जावईबापूंचे जहाज सध्या कोणत्या बंदरात आहे ते कळवावे.

आता मुख्य विषय. आफ्रिकेच्या प्रवासाचा तू पाठविलेला बेत मी कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणला व लक्षपूर्वक वाचला. बेत उत्तम बांधलेला आहे हे आधी मान्य करतो. विमानातून कोठे उतरायचे, भाड्याची जीप कोठे ताब्यात घ्यायची, तिच्या टपावर उघडणारा तंबू, अभयारण्याचे फाटक संध्याकाळी केव्हा बंद होते, पाणी किती ठेवायचे, पुढील पेट्रोल पंप किती लांब, यांपैकी तू काहीही सोडलेले नाहीस. जावईबापू समुद्रावर असल्यामुळे आपण चौघेच: तू, तुझी आई, चिमणी आणि मी. चाकावर तू. तुझ्या डाव्या हाताला मी.

असे असूनही माझा स्पष्ट सल्ला आहे की, हा प्रवास आपण आपल्या भरवशावर करू नये. येथे बाजारात टायरच्या दुकानाच्या वर एक प्रवास नियोजक बाई बसतात. त्या गाडी, मुक्काम, परवाने आणि मुख्य म्हणजे तेथला जाणता चालक, असे सर्व ठरवून देतात. आपण बसायचे आणि पाहायचे.

तेथील रस्ता कच्चा आहे असे तूच लिहितेस. वाळूत चाक रुतले तर उतरून धक्का मारण्याची सोय नाही, कारण गाडीतून उतरण्यास मनाई आहे, आणि मनाई कशासाठी आहे ते लिहिण्याची आवश्यकता नाही. टायर फुटल्यास काय करावे? मी आयुष्यभर बस चालविली. टायर पावसात बदलले, चढावर बदलले, प्रवासी शिव्या देत असताना बदलले. परंतु जॅक लावताना पाठीमागचे गवत हलत आहे की काय, हे पाहण्याची वेळ माझ्यावर कधी आली नाही.

हे मी तुझ्या आईला वाचून दाखविले. ती म्हणाली, "अहो, सिंहाला काय वेड लागलंय? आम्ही तिघी समोर असताना तो तुमची हाडं कशाला चघळत बसेल?" हा विनोदाचा विषय नाही, असे मी तिला सांगितले. तिला तो अजूनही विनोदाचाच वाटतो.

चिमणीने तुझ्या पत्राखाली विचारले आहे: "आजोबा, आई म्हणते की जंगलात तुम्ही हाळी देणार. म्हणजे काय करणार?" तू घाईघाईने काहीतरी सांगशील, म्हणून मीच लिहितो. तिला वाचून दाखव.

चिमणे, बस फार लांब असते. चालकाला उजवीकडचे दिसते, डावीकडचे सगळे दिसत नाही. म्हणून आमचा कंडक्टर मागच्या दारात उभा राहून डावी बाजू पाहायचा आणि मोठ्याने हाळी द्यायचा, "डावी मोकळी!" ती ऐकली की चालकाने चाक फिरवायचे. स्वतः मान वळवून पुन्हा पाहायचे नाही. पुन्हा पाहणे म्हणजे त्या माणसाला तोंडावर खोटा म्हणण्यासारखे. आमच्या डेपोत असे करणाऱ्या चालकाबरोबर कोणी कंडक्टर जायला तयार नसे. तुझ्या आईला गाडी शिकविताना मी तोच नियम ठेवला. डावीकडे मी बसणार, मी हाळी देणार, आणि तिने मान वळवायची नाही. मी शेजारी असलो की ती आजही वळवत नाही.

असो. बेताचा फेरविचार व्हावा. तंबूच्या शिडीवर तुझ्या आईला चढता येणार नाही, हाही मुद्दा आहे. तो मी मांडल्याचे तिला कळवू नये.

तुझे हित पाहणारा,
बाबा


दि. १७ फेब्रुवारी

चि. बाळीस,

आशीर्वाद. तुझे उत्तर पोहोचले. खोकला बरा झाल्याचे वाचून बरे वाटले. गार पाणी पिऊ नये.

"बाबा, तुम्ही चक्क घाबरलात!" अशी तू पत्राला सुरुवात केली आहेस. वडिलांना लिहिण्याची ही पद्धत नव्हे. परंतु विधान चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही.

नियोजकाबरोबर जाण्याविषयी तू लिहितेस: "अनोळखी माणसांनी भरलेली गाडी, त्यांनी उठवलं की उठायचं, त्यांनी वाढलं की खायचं. हत्तीचा कळप पाण्यावर आलाय आणि ड्रायव्हर म्हणतोय, चला, जेवण गार होतंय. मला तसं नकोय बाबा. मला तिथं इंजिन बंद करून बसायचंय, कंटाळा येईपर्यंत. आणि तुम्ही शेजारी असलात की मला कशाचीच भीती वाटत नाही, हे तुम्हाला माहीत आहे."

हे शेवटचे वाक्य मी तुझ्या आईला वाचून दाखविले नाही.

तुझ्या म्हणण्यात तथ्य आहे. मलाही मध्येच थांबविलेले कधी आवडले नाही. परंतु मी त्या नियोजक बाईंना प्रत्यक्ष भेटून आलो आहे. भिंतीवर मोठा नकाशा, टेबलावर लाकडाचा जिराफ, हवा खेळती. बाई वयाने तुझ्याहून मोठ्या, बोलण्यात सडेतोड आहेत. त्यांनी सांगितले की, गाडी केवळ आपल्या कुटुंबासाठीही घेता येते, अनोळखी माणसे असलीच पाहिजेत असे नाही. चालक तेथलाच असतो. गवतातली वाट त्याला कळते, हत्तीचे कान कसे हलले की मागे सरायचे ते कळते. गाडी बंद पडली तर दुसरी येते. आणि स्वतः गाडी चालवीत जाणे अत्यंत धोक्याचे आहे, या माझ्या मताशी बाई पूर्ण सहमत आहेत.

तू पाठविलेली चित्रफीत पाहिली. तुझ्या आईने शेजारच्या शिंपीणबाईंनाही बोलाविले होते. जीप उभी आहे, समोर रस्ता रिकामा आहे, असे मी पाहत होतो. इतक्यात तुझी आई ओरडली, "अगंबाई, केवढा हा!" शिंपीणबाई तर खुर्चीवरून उठल्या. मी रस्ताच पाहत होतो. मग तो हत्ती एकदम काचेच्या मध्यभागी आला. कोठून आला, कसा आला, काही कळले नाही. एवढे मोठे जनावर, आणि येताना त्याचा काही माग नाही. त्या दोघी हसत होत्या. मी हिशेब केला की, ती जीप हलली असती तर काय झाले असते. फोनचा पडदा लहान असतो, त्यामुळे नीट दिसत नाही.

तेव्हापासून दुपारी डोळा लागला की मी त्या जीपमध्ये बसलेला असतो. नदीचे कोरडे पात्र असते. पुढे वाट नसते म्हणून तू गाडी वळवीत असतेस. तू विचारतेस, "बाबा?" आणि मी जागा होतो. तुझी आई म्हणते, "झोपेत काय पुटपुटता हो?" मी काही पुटपुटत नाही.

तू लिहितेस की, चिमणी हल्ली गाडीत फार ओरडते, साधी सायकल दिसली तरी किंचाळते, तिला सवय व्हावी म्हणूनच या प्रवासाला न्यायची आहे. तिला रागावू नये. लहान मुले ओरडतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. मार्चच्या पहिल्या रविवारी तशीच मोठी जीप भाड्याने घेऊन तू व चिमणी येणार, आणि आपण चौघे डोंगरातल्या कच्च्या रस्त्यावर सराव करणार, असे तू कळविले आहेस. येऊ नये. तुझ्या आईचा गुडघा आहे. शिवाय त्या रस्त्याला सध्या खडी टाकली आहे असे ऐकतो. शिवाय रविवारी माझे काम आहे. काय काम ते विचारू नये.

पत्र मी का लिहितो, फोन का करीत नाही, असेही तू विचारले आहेस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

तुझा,
बाबा

ता. क. दंडावर काळेनिळे काय झाले आहे असे तुझ्या आईने तुला फोनवर सांगितल्याचे समजते. आमच्या न्हाणीघराची चौकट अरुंद आहे.


दि. २५ फेब्रुवारी

बाळी,

हे पत्र कुरियरने पाठवीत आहे. रविवारच्या आत ते तुझ्या हातात पडले पाहिजे. तुझा निरोप मिळाला: "खडीबिडी काही नाही, मी विचारलंय. तुमचं कामही काही नाही, आईला विचारलंय. येतेय." म्हणून आज जे लिहायचे ते लिहितो. पत्र वेळेत न आल्यास याचीच दुसरी प्रत घेऊन मी फाटकात उभा राहीन. तू ती तेथेच वाचायची आणि त्यानंतरच कोणी गाडीत बसायचे.

नियोजक बाईंविषयी मी तुला खोटे लिहिले. त्या माझ्याशी सहमत नाहीत.

झाले ते असे. मी त्यांच्यापुढे तुझा छापलेला बेत ठेवला. त्यांनी पेन्सिल घेऊन तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि विचारले, "हे तुमच्या मुलीनं एकटीनं केलं? ती नोकरी शोधतेय का?" मी सांगितले, तिला नोकरी आहे. त्या म्हणाल्या, "मी असते तर दोन मुक्काम बदलले असते. बाकी हात लावण्यासारखं यात काही नाही. पुष्कळ लोक असे आपले आपण जातात. वेगात जाऊ नये, उतरू नये, हत्तीला वाट द्यावी. जाऊ दे की तिला."

मी म्हणालो, "तुम्ही तिला फोन करून सांगा, की हे धोक्याचं आहे."

"का सांगू? नाहीये तर."

"तुमचाच धंदा होईल."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी माझ्यासाठी चहा मागविला होता, तो मी अजून घेतला नव्हता. त्या म्हणाल्या, "काका, चहा घ्या ना." मी म्हणालो, "आला की घेतो." मग हात पुढे करून त्यांनी कप माझ्या डाव्या कोपराजवळून उचलला आणि समोर ठेवला. चहा केव्हाच आलेला होता. त्याच्यावर साय धरली होती.

"डोळ्यांचं काय आहे?" त्यांनी विचारले.

मी म्हणालो, "माझी दृष्टी स्वच्छ आहे. तुमच्या नकाशावरची बारीक अक्षरं वाचून दाखवू?"

"समोरचं दिसतंय ते कळलं. बाजूचं विचारतेय."

मी उठलो. रुमाल घेतला, नमस्कार केला. त्या दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "गाडी बुक करायची असेल तर करते, चांगला माणूस देते. पण मुलीला सांगायचं काम माझ्या पॅकेजात येत नाही. ते तुमचं तुम्हालाच करावं लागेल."

जिन्यावरून उतरताना मला फार राग आला होता. खाली टायरवाल्याच्या दुकानापाशी थांबून मी बराच वेळ टायर पाहिले. राग गेला.

आता ऐक. मला काचबिंदू झाला आहे. दोन्ही डोळ्यांना आहे, डाव्याला अधिक. समोरचे मला उत्तम दिसते. हे पत्र मी चष्मा लावून स्वतः लिहीत आहे, ओळी सरळ आहेत, ते तुला दिसतेच आहे. परंतु कडेचे दिसत नाही. अंधार दिसतो असेही नाही. अंधार दिसला असता तर माणूस सावध झाला असता. तेथे काहीच नसते, आणि काही नाही हेही कळत नाही. सगळे रिकामे आणि स्वच्छ वाटते. हत्ती त्याच रिकाम्यातून आला.

पेन्शनच्या कामाला जातो असे तुझ्या आईला सांगून मी डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो होतो. तेथे एका पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून बसवितात. आत बारीक दिवा लागतो, कधी येथे, कधी तेथे. दिवा दिसला की हातातले बटण दाबायचे. मी बटणावर अंगठा ठेवून बसलो. काही दिवे लागले, मी दाबले. मग दिवे लागायचे बंद झाले. मी थोडा वेळ वाट पाहिली. मग तेथल्या मुलीला म्हणालो, "बाई, तुमचं यंत्र बंद पडलं आहे."

ती म्हणाली, "नाही आजोबा, सुरू आहे. दिवे लागतायत."

बाळी, मला ब्रेक निकामी झालेली बस उतारावर सांभाळावी लागली होती. तेव्हा मागे माणसे आक्रोश करीत होती आणि माझा हात थरथरला नाही. त्या वाडग्यात मात्र मला घाम फुटला. दिवे लागत होते. माझ्यासमोर लागत होते आणि मी शांतपणे वाट पाहत बसलो होतो.

डॉक्टरीणबाई भली आहे. तिने सांगितले, गेले ते परत येत नाही, राहिले आहे ते थेंबांनी टिकविता येईल. तिने विचारले, गाडी चालवता का? मी म्हणालो, आता चालवीत नाही. ते खरे होते. मी कोणाच्या शेजारी बसतो आणि काय करतो, हे तिने विचारले नाही, आणि मी सांगितले नाही.

आता त्या सायकलीचे लिहितो. मागच्या खेपेस तू आली होतीस तेव्हा पिठाच्या गिरणीच्या वळणावर तू नेहमीप्रमाणे "बाबा?" म्हणालीस. मी म्हणालो, "डावी मोकळी." तू चाक फिरविलेस, आणि मागून चिमणी किंचाळली, "आई, सायकल!" तू ब्रेक दाबलास. सायकलवाला आपल्या बोनेटवर हात टेकून उभा होता. दुधाच्या किटल्या हलत होत्या. तू त्याला म्हणालीस, "कुठून उगवलात?" तो म्हणाला, "उगवलो नाही बाई, केव्हाचा इथंच आहे." मग तू चिमणीला रागावलीस की, गाडीत असे ओरडायचे नाही, चालवणारा दचकतो. आणि मीही तिला म्हणालो, "बरोबर आहे आईचं."

ती ओरडली म्हणून तो माणूस घरी गेला. तिला सवय व्हावी म्हणून तू जंगलात नेणार आहेस. कसली सवय? माझ्या शब्दावर गप्प बसण्याची?

त्या वेळी मला आजार ठाऊक नव्हता, एवढे माझ्या बाजूने लिहितो. परंतु आता ठाऊक आहे, आणि तरीही एक गोष्ट अशी आहे की जिची मला सिंहापेक्षा अधिक धास्ती वाटते. परवा शिक्षकांच्या मुलाबरोबर मी त्याच्या गाडीतून स्टेशनपर्यंत गेलो. चौकात त्याने वेग कमी केला. त्याने मला काही विचारलेही नव्हते. आणि माझ्या तोंडून निघाले, "डावी मोकळी." मी पाहिले नव्हते. मान हललीही नव्हती. जीभ आपणहून बोलली. त्याने ऐकले नाही, त्याच्या कानात गाणी होती, त्याने स्वतः पाहिले आणि मग वळला. मी पुढे सबंध रस्ताभर तोंडावर रुमाल धरून बसलो. त्याला वाटले मला मळमळते आहे.

म्हणजे मी ठरविले तरी भरवसा नाही. तू "बाबा?" म्हणशील, त्या आवाजाला माझी जीभ उत्तर देणार. ऐकणारी जगात तू एकटीच अशी आहेस की, जी त्या उत्तरावर मान न वळविता चाक फिरवील. मीच तुला तशी घडविली आहे. नदीचे कोरडे पात्र, गवत, मागे तुझी आई आणि ते पोर, आणि डावीकडे माझे ते स्वच्छ रिकामे. दुपारच्या झोपेत मी याच्यापुढे कधी जात नाही. जागेपणी मात्र जातो.

म्हणून मी नियोजक, टायर, वाळू, शिडी असे सगळे पुढे केले. म्हटले, तेथला चालक येईल, त्याला आपली हाळी ठाऊक नसेल, तो स्वतःचे डोळे वापरील, आणि मला कोणाला काही सांगावे लागणार नाही.

काल तुझ्या आईला सांगितले. ती भाजी निवडत होती. हात न थांबविता म्हणाली, "मग इतके दिवस मी तुमच्या डाव्या हाताला का चालतेय? हौस म्हणून? परवा त्या हातगाडीवर आपटला असतात." मी विचारले, "मला बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "तुम्हाला? तुम्हाला सांगून तुम्ही ऐकता का कधी? मुलीला सांगा. तिला सांगितल्याशिवाय मी त्या जीपमध्ये पाय ठेवायची नाही, आणि चिमणीलाही ठेवू देणार नाही." मग भाजी बाजूला ठेवून ती थोडी रडली. नंतर थेंब घालताना माझे डोके आपल्या मांडीवर धरून बसली आणि मी हललो म्हणून ओरडली.

रविवारी तू ये. जीप आण. डोंगरात जाऊ. पुढे तुझ्या शेजारी तुझी आई बसेल. गाडीतले तिला काही कळत नाही, परंतु समोर दगड असला तर ती दगड म्हणते. वळणावर मात्र तिलाही विचारू नकोस. डावीकडचे तू स्वतः पाहायचे. सुरुवातीला तुझी मान वळणार नाही. मी गाडीत असताना तीस वर्षे न वळलेली मान आहे. गाडी उभी कर, पाहा, मग निघ. मागच्याने हॉर्न वाजविला तर वाजवू दे. ती सवय लागेपर्यंत आफ्रिकेचे तिकीट काढू नये, हा एवढाच सल्ला मी आता सल्ला म्हणून देतो.

सवय लागली की मग बेत तुझा. नियोजक बाईंचा माणूस घ्यायचा की आपली आपण जीप न्यायची, हे तू ठरव. त्या बाई खरे बोलतात, त्यामुळे त्यांच्याकडून घेतलेस तर फसणार नाहीस. आणि आपले आपण गेलो तर पाण्यावर तुला पाहिजे तितका वेळ थांबता येईल, हे मलाही पटते. सिंहाची भीती मला खरोखरच वाटते, तेवढे मी खोटे लिहिले नव्हते. परंतु ती भीती गाडीच्या बाहेरची आहे. तिला काच लावता येते.

मला न्यायचे की नाही, हेही तूच ठरव.

चिमणीला माझ्या वतीने सांग की, त्या दिवशी ती बरोबर होती, आजोबा चूक होते, आणि यापुढे गाडीत तिला जे दिसेल ते तिने पूर्ण ताकदीने ओरडावे. तू दचकलीस तरी चालेल.

आणखी एक लिहितो आणि पुरे करतो. रविवारी वळण येईल. तू गाडी थांबवशील. मी मागे असेन, माझी जीभ वळवळेल, मी ती दातांखाली धरीन. तू मला न विचारता मान वळवून डावीकडे पाहशील. आरशात मी तुला दिसेन. तेव्हा माझ्याकडे पाहून संकोच करू नकोस. मला वाईट वाटेल. वाटू दे. तू पाहा.

तू सांगशील त्या जागी बसणारा,
तुझा बाप